तीन महिन्यांचं इंजेक्शन, दोन महिन्यांचं गाभणपण

ग्रहणात पोटुशी बाईनं विळीला हात लावू नये, काही चिरू-कापू नये, नाहीतर पोराचा ओठ फाटतो, असं बजावणाऱ्या आज्या सोलापुरात अजून आहेत. फाटलेल्या ओठाचं खापर त्यामुळे फार सोयीनं आईवर फुटतं. मांजरीच्या बाबतीत ही सोय नाही. ती काही चिरत नाही आणि पंचांगही पाहत नाही. तरीही तिचं एखादं पिल्लू जन्मतःच दुभंगलेली टाळू घेऊन येतं, आचळाला लागतं आणि ओढलेलं दूध त्याच्या नाकातून बाहेर येतं. एखाद्याला शी करायला वाटच नसते. एखाद्याचं पोट बेंबीपाशी मिटलेलं नसतं. एखादं नर आहे की मादी, हे जनावरांच्या डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही. अशी बरीचशी पिल्लं दोन-चार दिवसांत जातात. पुष्कळदा मांजरच त्यांना बाजूला सारते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, नशिबात नव्हतं तिच्या.

नशिबाकडे वळण्याआधी विचारायचा एक प्रश्न सहसा राहून जातो. दीड-दोन महिन्यांपूर्वी हिला कुणी माज थांबवायची गोळी दिली होती का? किंवा इंजेक्शन?

प्रश्न अवघड आहे, कारण तो ऐकणाऱ्याला आरोपासारखा लागतो. म्हणून आधी त्या घराची अडचण बघू. सोलापुरात मांजर हौसेपेक्षा गरजेनं आलेली असते. भुसाराच्या दुकानात, सुताच्या गोदामात, पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उंदीर असतात, म्हणून ती असते. घरात तिला कुणी विकत आणलेलं नसतं. सात घरं फिरवत आणलेल्या पिल्लांतलं एक मागं राहतं आणि तेच घरचं होतं. सहा महिन्यांची होते न होते तोच ती माजावर येते. कधी कधी चौथ्या-पाचव्या महिन्यातच. मग रात्र-रात्र ओरडणं, जमिनीवर लोळणं, दाराशी धडका. हे आठवडाभर चालतं. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. उन्हाळ्यात अर्धं सोलापूर गच्चीवर झोपतं, आणि मांजरांचा सगळा कारभारही गच्चीवरच चालतो. शेजाऱ्यांची बोलणी कुणी खायची?

थंड देशांत निसर्ग मांजरीला हिवाळ्याची सुट्टी देतो. तिचा माज उजेडावर चालतो. दिवसाला बारा-चौदा तास उजेड मिळू लागला की तिची अंडाशयं जागी होतात, दिवस आखूड झाले की निजतात. सोलापुरात वर्षातला सगळ्यात आखूड दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. वर रात्रपाळीच्या शेडमध्ये ट्यूबलाइट जळत असतात. तिथल्या मांजरीला हिवाळा आला हे कळायचं कसं? संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत, दिवस वाढीला लागलेला असतो, पण आपल्याकडच्या कित्येक मांजरींचा मोसम खरं तर बंदच पडलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. बाईसारखी मांजरीची अंडी ठरल्या तारखेला सुटत नाहीत. बोक्याशी मीलन झालं की साधारण एक-दोन दिवसांत सुटतात. म्हणजे मीलन झालं आणि मांजर गाभण राहिली नाही, असं फार कमी वेळा होतं. पुढं ६३ ते ६५ दिवसांनी चारेक पिल्लं. ती अंगावर पीत असतानाच पुन्हा माज. वर्षाला दोन-तीन वेत. पिल्लं ठेवायची कुठं, कुणाला द्यायची, हा प्रश्न दर चार महिन्यांनी दाराशी येऊन बसतो.

मग कुणीतरी उपाय सुचवतं. माणसाची गोळी अर्धी करून दुधात कुस्करा. नाहीतर ओळखीचा कंपाउंडर असेल तर बायकांना तीन महिन्यांनी देतात ते इंजेक्शन, थोडंसं. सुचवणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. ज्या राज्यात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तिथं शंभर वर्षांनी गर्भनिरोधक ही घरात बोलायची गोष्ट झाली आहे. घरात ती वस्तू असते, ती बाईला चालते, मग मांजरीला का नाही, असा साधा हिशेब असतो.

हिशेब इथंच चुकतो. तो आकड्यांनी मांडून बघू.

माला-डी च्या एका गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल असतं. ती रोज घ्यायची असते. आठवण झाली की चिमूटभर, असा तिचा उपयोग नाही. सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून ‘अंतरा’ नावानं मोफत मिळणाऱ्या इंजेक्शनात १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट असतं. पन्नास किलोच्या बाईला ते किलोमागं तीन मिलिग्रॅम पडतं. तीन किलोच्या मांजरीला त्याचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम दोन थेंब टोचले, तरी किलोमागं पाच मिलिग्रॅम झाले. ‘थोडंसं’ म्हणून दिलेला डोस बाईच्या डोसापेक्षा जास्त. अख्खं इंजेक्शन दिलं तर सोळा-सतरा पट.

डोस मी तरी दुय्यम मानतो. खरा घोळ दिवसांचा आहे. हे इंजेक्शन तीन महिने पुरावं म्हणूनच बनवलं आहे. ते स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरतं. मांजरीचं गाभणपण दोन महिन्यांचं. टोचलं तेव्हा ती आधीच गाभण असेल, तर पिल्लं जन्मायची वेळ येते तेव्हाही औषध अंगात काम करत असतं. आणि ती गाभण असण्याची शक्यता फार मोठी, कारण लोकांना उपाय आठवतो तोच मुळी बोका येऊन गेल्यावर.

प्रोजेस्टेरॉनचं काम गर्भ राखणं. त्याच्याच जातीची बनावट औषधं, ज्यांना प्रोजेस्टिन म्हणतात, तेच करतात. माजाआधी दिली तर माज दाबतात. मीलनानंतर दिली तर गर्भ पडत नाही. उलट गर्भाशयाला निरोप जातो की थांब, अजून वेळ झालेली नाही. एरवी दिवस भरले की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतं, गर्भाशय मोकळं होतं, कळा सुरू होतात. औषध अंगात असलं की हा उतार येतच नाही. पासष्ट दिवस होतात, सत्तर होतात, मांजर कळा देत नाही. पिल्लं आत वाढत राहतात, मग आतच मरतात, मग कुजतात. पोट चिरून ती काढावी लागतात, नाहीतर मांजरही जाते. दिवाळीच्या अंकात हे वाचणं जड जाईल, पण जन्मदोषांपेक्षा हे जास्त जीव घेतं असं माझं मत आहे, आणि ते आधी लिहायला हवं होतं.

आता दोषांकडे. प्रोजेस्टिनमुळे गर्भ बिघडण्याचे दोन रस्ते चांगले माहीत आहेत. दोन्ही माणसांच्या आणि प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या अभ्यासातून आधी उजेडात आले.

पहिला रस्ता नर-मादीचा. १९५०च्या दशकात अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून पोटुशी बायकांना बनावट प्रोजेस्टेरॉन देत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले लॉसन विल्किन्स यांनी दशकाच्या शेवटी दाखवून दिलं की त्यांतल्या काहींच्या मुली पुरुषी जननेंद्रियं घेऊन जन्मल्या. त्या औषधांतल्या काहींचा गुण पुरुष-हार्मोनच्या अंगानं जातो. मांजरीतही तेच. मादी पिल्लाचं जननेंद्रिय नरासारखं दिसतं, म्हणून तर डॉक्टर बोट ठेवून सांगू शकत नाहीत.

दुसरा रस्ता टाळूचा. गर्भात टाळूचे दोन पडदे जिभेच्या दोन्ही बाजूंनी वर येतात आणि मधोमध जुळतात. मॉन्ट्रियलच्या क्लार्क फ्रेझर यांनी १९५१ मध्ये गाभण उंदरांना कॉर्टिझोन दिलं आणि पिल्लांची टाळू उघडी राहिली. स्टेरॉइडनं गर्भाची टाळू फाटते हे त्या कामानंतर वैद्यकाच्या पुस्तकांत आलं. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि मेजेस्ट्रॉल, मांजरींना जगभर सर्वांत जास्त दिली गेलेली ही दोन प्रोजेस्टिन्स. दोन्हींत कॉर्टिझोनसारखा गुण दडलेला आहे. १९७७ मध्ये मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन गाभण सशांना आणि घुशींना देऊन पाहिलं, तेव्हा सशांची पिल्लं फाटलेल्या टाळूची निघाली, घुशींची नाही. एकच औषध, दोन जनावरं, दोन निकाल. म्हणून अमक्याला चाललं तर तमक्यालाही चालेल, हा तर्क हार्मोनच्या बाबतीत टिकत नाही.

टाळू जुळते ती गाभणपणाच्या साधारण महिनाभराच्या सुमारास. मांजरीची आचळं गुलाबी आणि ठसठशीत दिसायला तिसरा आठवडा उलटावा लागतो. पोट दिसायला पाचवा. म्हणजे पिल्लांची टाळू घडत असते तेव्हा पुष्कळदा घरात कुणाला ती गाभण आहे याची कल्पनाही नसते. याच दिवसांत गोळी पडते.

या इंजेक्शनची एक जुनी गोष्ट आहे. ती बायकांची म्हणून सांगितली जाते, पण माझ्या मते कुत्र्या-मांजरांचीही आहे. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं तीन महिन्यांचं इंजेक्शन अमेरिकेच्या अपजॉन कंपनीनं आणलं. तिथल्या औषध प्रशासनानं बीगल जातीच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं चाचण्या करायला लावल्या, आणि कुत्र्यांच्या स्तनांत गाठी आल्या. १९७८ मध्ये परवानगी नाकारली गेली. १९८३ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, तिचाही निकाल विरोधात गेला. परवानगी मिळाली ती १९९२ मध्ये. मधल्या काळात बायकांवरचे मोठे अभ्यास आले होते आणि कुत्र्यांचं शरीर या औषधाला वेगळं वागतं, तो पुरावा बाईला लागू नाही, हे मान्य झालं होतं. भारतात महिला संघटना या इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांचे आक्षेप वेगळे आणि मोलाचे होते, ते इथं उरकण्यासारखे नाहीत.

पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणी मोठ्यानं वाचला नाही. बाईसाठी सुरक्षित, कारण कुत्र्याचं शरीर वेगळं. म्हणजेच कुत्र्यासाठी ते सुरक्षित नाही. हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी १९९४-९५ मध्ये याचं कारणही शोधलं. प्रोजेस्टिन मिळालं की कुत्रीचे स्तनच वाढीचं हार्मोन बनवू लागतात. एरवी हे काम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं. मांजरींच्या स्तनांतही हीच यंत्रणा सापडली. म्हणून इंजेक्शननंतर काही आठवड्यांत कोवळ्या मांजरीची सगळी आचळं लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी सुजतात, कातडी ताणून फाटते, आणि घरचे लोक कॅन्सर म्हणून घाबरतात. ती सूज बहुधा कॅन्सर नसते. औषध थांबवून, प्रोजेस्टेरॉनला आडवं जाणारं औषध देऊन किंवा अंडाशयं काढून ती उतरवता येते. मात्र वर्षानुवर्षं प्रोजेस्टिन घेणाऱ्या मांजरींना पुढं खरा स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. मांजरीच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कॅन्सरच्या निघतात. मधुमेह आणि गर्भाशयात पू होणं हे याखेरीज.

वाचणाऱ्या बायकांनी मात्र यातून घाबरून जाऊ नये. नकळत दिवस राहिलेले असताना गर्भनिरोधक गोळी किंवा हे इंजेक्शन घेतलं गेलं तर बाळाला व्यंग येतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मघाच्या सशा-घुशींचीच गोष्ट ही.

मांजरींवर या औषधांचा सर्वांत मोठा प्रयोग कुणी ठरवून केला नाही. तो ब्राझीलमध्ये आपोआप झाला. तिथं कुत्र्या-मांजरींची गर्भनिरोधक इंजेक्शनं शेतीमालाच्या दुकानांत, आपल्याकडे सरकी-पेंड मिळते तशी, काउंटरवर मिळत आली आहेत. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांनी सुजलेली आचळं, पू झालेली गर्भाशयं, पोटात मेलेली पिल्लं यांवर इतकं लिहिलं आहे की विषयावरचं बरंच ज्ञान पोर्तुगीजमध्ये आहे.

उलट टोकाला डेन्मार्क. तिथं आठवड्याला एक छोटी गोळी देऊन मांजरीचा माज दाबण्याची रीत जुनी आहे. ती गोळी पशुवैद्याच्या चिठ्ठीनं मिळते, मात्रा ठरलेली असते. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या स्तेफानो रोमान्योली यांनी २०१५ मध्ये या सगळ्या इतिहासाचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पूर्वी मांजरींना अवाच्या सवा मात्रा दिल्या गेल्या आणि बदनामी औषधाच्या वाट्याला आली. निरोगी, गाभण नसलेल्या मांजरीला, तपासून, अगदी कमी मात्रेत, थोड्या काळासाठी ते वापरता येतं. मला हे पटतं. पण ‘तपासून’ हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे, आणि दुधात कुस्करलेल्या गोळीत नेमका तोच नसतो.

इथं दुसऱ्या बाजूनंही सावध राहायला हवं. गोळी दिली होती आणि पिल्लू व्यंगाचं निघालं, एवढ्यावरून गोळीनंच झालं असं ठरत नाही. मांजरीच्या पोटात बिघाड करणाऱ्या गोष्टी आणखी आहेत, आणि त्यांतल्या काही सोलापूरच्या घरांत हार्मोनच्या गोळीपेक्षा सहज सापडतील.

सर्वांत वरचं नाव ग्रिसोफुल्विन. गजकर्णाची गोळी. मांजरीला गोल गोल केस गेलेले चट्टे पडतात, ती बुरशी पोरांनाही लागते, आणि मग घरातल्यांसाठी आणलेल्या गोळ्यांतलीच एक मांजरीला जाते. १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या फ्रेड स्कॉट आणि सहकाऱ्यांनी या औषधावर असलेल्या गाभण मांजरींच्या पिल्लांची पाहणी छापली. फाटलेली टाळू, कवटीबाहेर आलेला मेंदू, उघडा पाठकणा, एकच डोळा, शेपूट नसणं, गुदद्वार नसणं. औषधानं मांजरीच्या गर्भाला व्यंग येतं, याचा इतका ठाम पुरावा दुसऱ्या औषधाबद्दल क्वचितच असेल. आणि गजकर्णाचं औषध देताना ‘ही गाभण आहे का’ हे कोण विचारतो? माज थांबवायची गोळी देणाऱ्याच्या मनात निदान पिल्लांचा विचार तरी असतो.

दुसरं, अन्न. मांजरीला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल बाहेरूनच मिळावं लागतं, तिचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते मांसात, मासळीत, उंदरात असतं. ज्वारीच्या भाकरीत ते नसतं आणि गाईच्या दुधात अगदी नावापुरतं. १९८०च्या दशकात टॉरिन तोडलेल्या मांजरींवर अभ्यास झाले: गर्भ जिरले, मेलेली पिल्लं झाली, जगलेल्यांची वाढ खुंटली, मागचे पाय नीट चालेनात. कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये हृदय फुगून मरणाऱ्या मांजरींचं कारणही हेच निघालं. गोदामातली मांजर उंदरांवर जगते, तिला हा त्रास कमी. त्रास होतो तो माळकरी घरात लाडाकोडात दूध-भाकरीवर वाढलेल्या मांजरीला. लाड करताना तिचं शाकाहारी असणं आपण गृहीत धरतो. तिला ते मान्य नसतं, पण तिला विचारलेलं नसतं.

तिसरा एक विषाणू. मांजरांमध्ये पसरणारा पॅनल्युकोपेनिया गाभण मांजरीला झाला, तर पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ अर्धवट राहते. चालायला लागल्यावर ती दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात, ताटलीवर डोकं आपटतात. हा विषाणूचा खेळ आहे, आनुवंशिक खोट नाही, हे किलहॅम आणि मार्गोलिस यांनी १९६६ मध्ये दाखवलं. गाभण मांजरीला या रोगाची जिवंत लस दिली तरी असंच होऊ शकतं, म्हणून लसही विचारूनच. ही झोकांड्या खाणारी पिल्लं त्या दोषानं मरत नाहीत. उंचावर चढू दिलं नाही आणि घरात ठेवलं तर आयुष्यभर मजेत राहतात. त्यांना टाकून देणं हे निव्वळ अज्ञान.

आणि चौथं, ज्यावर बोलायला लोक लाजतात. एका गल्लीवर एका बोक्याचं राज्य असतं. तोच आईचा नवरा, तोच लेकीचा. शिवाय हल्ली घराघरात आलेल्या पर्शियन मांजरांची पैदास दोन-तीन जोड्यांवर चालते, भावा-बहिणीची जोडीही लावतात. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी देशात २०१७ पासून वेगळे नियम आहेत, मांजरींच्या पैदाशीसाठी तसे नाहीत.

यातलं नेमकं काय घडलं हे कळायला मेलेलं पिल्लू कुणीतरी उघडून पाहावं लागतं. आपल्याकडे ते परसात पुरलं जातं, नाहीतर उकिरड्यावर जातं. विकृतिशास्त्र शिकवणारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं सोलापूरपासून फार लांब नाहीत. उदगीर आहे, परभणी आहे, शिरवळ आहे. पिल्लू बर्फात गार ठेवून, गोठू न देता, लवकर पोचवलं तर तपासणी होऊ शकते. पण चार दिवसांच्या मांजरीच्या पिल्लासाठी उदगीरची एसटी पकडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्याला नावं ठेवायचीही मला हिंमत नाही.

कारण व्यवस्थाच मांजरीला ओळखत नाही. सोलापूर हा पंढरपुरी म्हशीचा आणि खिलार बैलाचा जिल्हा. इथली पशुसंवर्धनाची सगळी घडी दूध, रेतन, लाळ्या-खुरकूत यांवर बसलेली आहे आणि ते रास्तच आहे, संसार त्यावर चालतात. देशाच्या विसाव्या पशुगणनेत, २०१९ च्या, गाढव, उंट, ससा, हत्ती, कुत्रा यांना रकाने होते. मांजरीला नव्हता. जे जनावर मोजलंच जात नाही, त्याच्या पिल्लांची व्यंगं कोण मोजणार? भटक्या जनावरांच्या नसबंदीचे २००१ चे नियम नावापासूनच कुत्र्यांपुरते होते. २०२३ मध्ये त्यांची जागा घेणारे ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम’ आले. मुंबई महापालिकेनं मांजरींच्या नसबंदीला २०१९ मध्येच हात घातला होता. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत मात्र नसबंदीची बातमी आली की ती कुत्र्यांची असते, हे गृहीत धरूनच वाचली जाते.

माणसाचं औषध जनावराला जाणं हे काही मांजरीपासून सुरू झालेलं नाही. गोठ्यात पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन टोचतात, ते बायकांच्या बाळंतपणाचं औषध. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, कारण ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं संपली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, आणि २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचा आकारच तीन मिलिलिटरवर आणावा लागला. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदा आहे. मेडिकलवाल्याला गिऱ्हाईक मांजरीचं नाव सांगत नाही, आणि तोही विचारत नाही. त्याच्या दृष्टीनं कुणा बाईसाठीच चाललंय.

मग करायचं काय? नवीन काही शोध लागेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयानं आणि बोस्टनच्या संशोधकांनी सहा मांजरींना एका जनुकाचं एकच इंजेक्शन दिलं आणि दोन वर्षं त्यांतली एकही गाभण राहिली नाही. बातमी खरी आणि सुंदर आहे, पण ती मंगळवार पेठेत यायला वेळ लागेल. आज हाताशी आहे ते ऑपरेशन. उपाशी पोटी नेलेली मांजर, भूल, बोटभराहून लहान चीर, संध्याकाळी घरी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००५ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. ‘एकदा तरी तिला आई होऊ द्या, मग करू’ या मायेच्या वाक्याला वैद्यकात काही आधार नाही.

गोळी आधीच देऊन झाली असेल तर लाजून लपवू नये. पाकीट किंवा बाटली घेऊन, तारीख आणि अंदाजे किती दिलं हे सांगून डॉक्टरांकडे जावं. सोनोग्राफीत पिल्लांची हृदयं दिसतात. बोका कधी आला होता ते आठवून दिवस मोजावेत, आणि सत्तरीच्या पुढं एक दिवसही वाट बघू नये. पिल्लं झालीच तर पहिल्या दिवशीच प्रत्येकाचं तोंड हलक्या हातानं उघडून टाळू बघावी, शेपटीखाली बघावं. टाळू फाटलेल्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजू नये; ते फुप्फुसात जातं. नळीनं पोटात दूध सोडायला डॉक्टर शिकवतात, आणि ते तीन-चार महिने तगलं तर टाळू शिवता येते. फार थोडी तगतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मधल्या अवस्थेत, मांजर गाभण आहे हे नुकतंच कळलेलं असताना. गाभण मांजरीचंही ऑपरेशन करता येतं, जितकं लवकर तितकं सोपं. पण पुष्कळ घरांत त्याला पाप मानतात, आणि मला त्या भावनेची टर उडवायची नाही. असं घर मग ‘काहीतरी करायला हवं’ म्हणून गोळीकडे वळतं. ऑपरेशन करणं हा एक रस्ता, काही न करणं हा दुसरा, आणि गोळी हा दोन्हींपेक्षा वाईट तिसरा. ऑपरेशन मनाला पटत नसेल तर तिला चार घास मासळी किंवा अंडं घालावं, गजकर्णाची आणि गर्भनिरोधक गोळ्यांची दोन्ही पाकिटं कपाटात बंद ठेवावीत आणि तिला व्यवस्थित व्यायला द्यावं. सहा-आठ आठवड्यांनी पिल्लं दुधावरून सुटतात, तेव्हा ऑपरेशनची तारीख घ्यावी. त्याआधी, अंगावर पिल्लं असतानाच, ती पुन्हा माजावर येऊ शकते. तेव्हा गच्चीचं दार तेवढं लावून घ्या, बोका बाहेरच राहू दे.